बेताच्या खर्चात धंद्यासाठी ऑसिलेटिंग मल्टी-टूल: तीन पर्यायांची तुलना

बसवलेल्या चौकटीचा तळ नव्या फरशीच्या जाडीइतका कापायचा असतो, किंवा सिंकखालचा पाइप अशा कोपऱ्यात असतो की तिथे करवत पुढे-मागे करायला बोटभरही जागा नसते. अशा कामांना ऑसिलेटिंग मल्टी-टूलइतके सोयीचे दुसरे यंत्र नाही. त्याचे पाते गोल फिरत नाही. ते अक्षाभोवती जेमतेम तीन-चार अंशांत डावीउजवीकडे थरथरते. फाइन या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये हे तत्त्व रुग्णाच्या हातापायावरचे प्लास्टर कापण्यासाठी वापरले होते. कडक प्लास्टर चिरले जाते आणि खालची मऊ कातडी पात्याबरोबर हलून वाचते. सुताराच्या दातेरी पात्याला मात्र ही सवलत लागू नाही, त्यामुळे बोटे जपावीत.

पैसे मोजून-मापून घालणाऱ्या कारागिरासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात: बोल्टने पाते आवळण्याचे सर्वांत स्वस्त वायरचे यंत्र, ३०० वॉटच्या आसपासचे व्यावसायिक दर्जाचे वायरचे यंत्र, आणि हाताशी असलेल्या बॅटऱ्यांवर चालेल असे नुसते कॉर्डलेस यंत्र. निवड करताना बहुतेक जण वॉट पाहतात. माझ्या मते वॉटच्या आधी पाते कसे बसते ते पाहावे, कारण यंत्र एकदाच घ्यायचे असते आणि पाती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.

स्वस्त यंत्राची खरी जमेची बाजू इथेच आहे. त्याच्या सपाट डोक्यावर कोणत्याही कंपनीची साधी सपाट पाती बहुधा बसतात आणि ती गठ्ठ्याने स्वस्त मिळतात. पण माझे पहिले यंत्र याच जातीचे होते आणि त्याचा त्रासही मी पुरेपूर भोगला आहे. पाते जाड लाकडात अडकले की डोक्यावर सरकून तिरके होई. मग ॲलन कीने सोडवा, सरळ करा, पुन्हा आवळा. एकदा तो आखूड बोल्ट भुशात पडला, तो चुंबक फिरवल्यावरच हाती लागला. दिवसातून दोनदा पाते बदलणाऱ्याला हे चालून जाते, पण टाइल, लाकूड आणि पाइप असे आलटून पालटून काम करणाऱ्याचा त्यात रोज बराच वेळ वाया जातो.

दुसऱ्या पर्यायातले बॉश जीओपी ३०-२८ हे उदाहरण घ्या. ते ३०० वॉटचे असून त्याचा वेग मिनिटाला ८,००० ते २०,००० दोलनांपर्यंत बदलता येतो. बॉश आणि फाइन यांनी २०१६ मध्ये आणलेली स्टारलॉक पद्धत त्यात असल्यामुळे पाते दाबले की क्षणात बसते आणि सरकत नाही. अडचण अशी की तुमच्याकडची जुनी सपाट पाती त्यात धरली जात नाहीत. शिवाय या पद्धतीत स्टारलॉक, स्टारलॉक प्लस आणि स्टारलॉक मॅक्स अशा चढत्या तीन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीचे यंत्र खालच्या पायरीची पाती घेते, पण खालच्या पायरीचे यंत्र वरची पाती घेत नाही. यंत्र आणि पाती वेगवेगळ्या वेळी विकत घेणारे इथेच फसतात.

आता पाते ज्या कोनात थरथरते त्या कोनाकडे वळू. जीओपी ३०-२८ चा एकूण कोन २.८ अंश आहे, तर ३२० वॉटच्या मकिता टीएम३०१०सी चा ३.२ अंश. पात्याचे टोक अक्षापासून ८ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर पहिल्यात ते सुमारे ३.९ मिलिमीटर हलते, दुसऱ्यात सुमारे ४.५ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरचाच असला तरी मोठ्या हालचालीने भुसा बाहेर फेकला जातो आणि पाते कमी तापते. त्याच्या बदल्यात हाताला कंपन अधिक जाणवते. तुलना करताना एक खबरदारी घ्यावी. काही कंपन्या एकाच बाजूचा कोन छापतात, त्यामुळे ‘१.६ अंश’ आणि ‘३.२ अंश’ लिहिलेली दोन यंत्रे प्रत्यक्षात सारखीच असू शकतात.

वेग कमी-जास्त करण्याची सोय नसलेले यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. पीव्हीसी पाइप पूर्ण वेगाने कापला तर प्लॅस्टिक वितळते आणि पात्याच्या मागे काप पुन्हा चिकटतो. धातू कापतानाही वेग उतरवला तरच दात टिकतात.

कॉर्डलेसबद्दल माझे मत सरळ आहे: त्याच कंपनीच्या १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आधीपासून ड्रिलसाठी असतील, तर ब्रशलेस (झिजणारे कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरचे नुसते यंत्र घेणे बहुधा सर्वांत हिशेबी ठरते. शिडीवर किंवा वीज नसलेल्या इमारतीत त्याला तोड नाही. बॅटरी आणि चार्जरही नव्याने घ्यावे लागणार असतील, तर त्याच पैशांत वायरचे चांगले यंत्र आणि चार चांगली पाती येतात. जुना गोंद तासभर खरवडणे किंवा टाइलच्या फटीतले ग्राउट काढणे हे सलग काम असते आणि तिथे बॅटरी लवकर उतरते.

पात्यांचा हिशेब यंत्राबरोबरच करावा. साधे हाय कार्बन स्टीलचे पाते लाकडात उत्तम चालते, पण आत दडलेला एक खिळा लागला की काही सेकंदांत त्याचे दात साफ होतात आणि मग ते लाकूड कापण्याऐवजी जाळू लागते. जुन्या लाकडात बाय-मेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेले, पातेच वापरावे. कडक स्क्रूसाठी कार्बाइडच्या (पोलादाहून कठीण पदार्थाच्या) दातांचे आणि ग्राउटसाठी कार्बाइडचे कण बसवलेले पाते लागते. यंत्राबरोबर फुकट मिळणाऱ्या पंचवीस-तीस नगांच्या पेटीला भुलू नये. त्यात बहुतांश सँडपेपरचेच तुकडे असतात.

मला आज पहिल्यापासून सुरुवात करायची असती आणि जवळ बॅटऱ्या नसत्या, तर मी दुसरा पर्याय घेतला असता, गरज पडल्यास जुन्या बाजारातूनही. जुने यंत्र घेताना ते बंद ठेवून, प्लग काढून, पाते चिमटीत धरावे आणि वर-खाली हलवून पाहावे. अक्षाला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेले आहे. त्यानंतर ते पूर्ण वेगाने दोन मिनिटे चालवून डोक्याजवळ हात ठेवावा. तेवढ्यातच तो भाग हात ठेववणार नाही इतका तापला, तर ते यंत्र घेऊ नये.