२४९ ग्रॅमच्या ड्रोनपायी ८१,७०० रुपये गेले, त्या माणसाकडून कुणी घेऊ नका

हे लिहायला मला चार महिने लागले. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सांगतो की आजी ओटीपी कुणाला देऊ नका, अनोळखी क्यूआर स्कॅन करू नका, आणि मीच असा लुटला गेलो हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं. बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं, वडिलांना तर अजूनही पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण परवा गावच्या ग्रुपवर एका पोराने त्याच माणसाची जाहिरात टाकली, "२४९ ग्रॅम, नो लायसन्स, नो टेन्शन", फोटोसुद्धा तोच, आणि खाली तिघांनी रेट विचारलेला. मग म्हटलं लाज गेली खड्ड्यात.

आधी हिशोब. ड्रोन ४६,५००. दोन मोठ्या बॅटऱ्या ९,०००. रजिस्ट्रेशन, लायसन्स, इन्शुरन्स अशी "सगळी फाइल" ८,५००. नंतर दंड म्हणून भरलेले १७,७००. झाले ८१,७००. द्राक्षाच्या औषधांसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते त्यातले निम्मे.

लोक म्हणतील स्वस्तात घ्यायला गेला म्हणून फसला. तसं नाहीये. मी कागदपत्रं नीट असावीत म्हणून जास्तीचे पैसे मोजले, हेच तर डोक्यातून जात नाही. आम्ही जुन्नर तालुक्यातले. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आणि तिकडे बीड-जालन्याकडे रात्रीचे ड्रोन फिरत होते ते आठवत असेल, चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती. अशा भागात तुम्ही हौसेने ड्रोन उडवला आणि कुणी पकडलं तर आधी मार बसणार, चौकशी नंतर. म्हणून मला कागद हवा होता, पोलिसांना दाखवता येईल असा, गावकऱ्यांना दाखवता येईल असा. बाकी हौस काय, माळशेजचे धबधबे, नाणेघाट, वडिलांची बाग वरून कशी दिसते ते त्यांना दाखवायचं, एवढीच.

दिवाळीच्या आधी सोशल मीडियावर ती जाहिरात दिसली. चायनाचा नावाजलेला मिनी ड्रोन, बॉक्सपॅक. मी फोन केला. समोरचा अगदी गोड, दादा-दादा करत बोलणारा, मराठीच. म्हणाला दादा, अडीचशे ग्रॅमच्या आत आहे, नॅनोमध्ये येतो, नॅनोला काहीच लागत नाही. हे खरंच आहे, म्हणजे बऱ्यापैकी. २०२१ च्या ड्रोन रूल्समध्ये २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल. नॅनोला टाइप सर्टिफिकेट (म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता) लागत नाही, पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, इन्शुरन्सची सक्ती नाही. मी हे थोडंफार वाचलेलं होतं, त्यामुळे तो बरोबर बोलतोय म्हणून मला त्याच्यावर विश्वास बसला. खोटं बोलणारा माणूस आधी चार गोष्टी खऱ्या सांगतो.

मग तो म्हणाला की दादा या छोट्या बॅटरीवर वाऱ्यात मजा नाही, मोठी घ्या, दहाएक मिनिटं जास्त मिळतील, दोन घेतल्या तर ९ हजारांत देतो. घेतल्या. आणि मग म्हणाला, तुमच्याकडे ड्रोनचा मॅटर गरम आहे ना, तर फाइल करून घ्या, यूआयएन नंबर (म्हणजे ड्रोनचा सरकारी नोंदणी नंबर), पायलट लायसन्स, इन्शुरन्स, सगळं ८,५०० मध्ये, आपला माणूस आहे दिल्लीत.

इथे. इथेच मला कळायला पाहिजे होतं. जो माणूस दहा मिनिटांपूर्वी "नॅनोला काही लागत नाही" म्हणत होता तोच मला नॅनोचं लायसन्स विकत होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. मी रोज चेकवर अक्षरी रक्कम आणि आकडा जुळतो का ते बघणारा माणूस, आणि हे माझ्या डोळ्यासमोरून गेलं. मला आठवतंय, मी तेव्हा दुपारचा डबा खात होतो, एका हातात फोन, आणि मनात क्षणभर काहीतरी खटकलं पण काय ते कळेना, आणि तो म्हणाला दादा आज शेवटचा स्लॉट आहे. मी पिन टाकला. हात धुवायच्या आधी पैसे गेले होते.

चार दिवसांनी ड्रोन आला, खरा आला, उडायचाही. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, वर राजमुद्रा, खाली शिक्का, "ड्रोन पायलट लायसन्स", कॅटेगरी नॅनो. मी ती कलर प्रिंट काढून लॅमिनेट केली. आता सांगतो काय ते. पायलट लायसन्स हा प्रकारच फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, तेव्हापासून रिमोट पायलट सर्टिफिकेट असतं आणि ते मान्यताप्राप्त ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकून, परीक्षा देऊन मिळतं, घरबसल्या कुणी पाठवत नाही. आणि हौसेसाठी उडवणाऱ्याला २ किलोपर्यंत ते लागतही नाही! म्हणजे मला जे लागत नाही ते, आणि जे अस्तित्वात नाही ते, माझं नाव घालून मला विकलं. यूआयएन काढायची सरकारी फी किती आहे माहितीये? १०० रुपये. ८,५०० कुठे आणि १०० कुठे.

बिल मागितलं होतं मी, दोनदा मागितलं. "दादा कुरिअरने पाठवतो." कुणीही ड्रोन विकत असेल तर पहिलं जीएसटीचं बिल मागा, बिल नाही म्हणाला की फोन ठेवा. कारण ९ फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून तयार ड्रोन आणायलाच बंदी आहे, सुटे भाग आणता येतात, पूर्ण ड्रोन नाही, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा अशी कामं सोडली तर. मग हा बॉक्सपॅक चायना माल आला कुठून? हा प्रश्न मला पोलिसांनी विचारला. मी स्वतःला विचारायला पाहिजे होता.

पुढचा भाग जास्त लागलेला आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन, हिंदीतून, डीजीसीए, म्हणजे विमानं-ड्रोनचं सरकारी खातं, दिल्लीहून बोलतोय म्हणे. माझं नाव, पत्ता, ड्रोनचा सिरियल नंबर, सगळं वाचून दाखवलं. तुमचा ड्रोन नॅनोत रजिस्टर आहे पण वजन २५० च्या वर आहे, नियमभंग, १ लाखापर्यंत दंड आणि एफआयआर. मी म्हटलं साहेब २४९ आहे, वर छापलेलं आहे. तो म्हणाला बॅटरी कुठली लावली आहे? वजन करा आणि सांगा, मी लाइनवर आहे.

बायकोचा केकचा डिजिटल काटा ओट्यावर होता. मी ड्रोन उलटा करून, पंख मिटून त्यावर ठेवला. २९०. काढला, परत ठेवला, २९०. छोटी बॅटरी घालून ठेवला, २४९. बायको शेजारी उभी, म्हणाली अहो काय झालं, तुम्ही असे पांढरे का पडलात. नियमात वजन धरतात ते उडताना जेवढं असेल तेवढं सगळं मिळून, बॅटरी, पंखांचे गार्ड, वर काही चिकटवलं असेल तर तेही. ड्रोनवर छापलेला २४९ चा आकडा फक्त छोट्या बॅटरीचा. मोठी लावली की तुम्ही मायक्रोत, आणि मायक्रोचा नंबर घ्यायला त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागतं, जे या मालाला नाही. म्हणजे ज्याने बॅटरी विकली त्यालाच माहीत होतं की मी कशात अडकणार, आणि त्यानेच, नाहीतर त्याच्या माणसाने, तो फोन केला. सिरियल नंबर आणि कुणाकडे होता?

तेव्हा हे सुचलं नाही. काट्यावर २९० दिसल्यावर मी गुन्हेगारच झालो होतो माझ्या मनाने, आणि घाबरलेल्या माणसाला जोडता येत नाही. कंपाउंडिंग फी, म्हणजे केस न करता मिटवायचा दंड, १५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, १७,७००, क्यूआर पाठवला. दंडावर जीएसटी! पतसंस्थेत बसतो मी, दंडावर कधी जीएसटी लागतो का? आणि सरकारचा दंड कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर जातो का? क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं, तिथे कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव होतं. दिसलं होतं मला. तरी भरले.

मग दोन दिवस मी लाजेत घालवले, हे मात्र माझंच चुकलं. तुमच्यावर वेळ आली तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, जेवण नंतर, घरच्यांना सांगणं नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. माझे तोवर तीन खाती ओलांडून गेले होते, १,२१२ रुपये तेवढे होल्ड झाले, म्हणजे खात्यात अडवले गेले, आणि ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. बाराशे रुपयांसाठी वकील लावू?

बँकेत गेलो. मॅनेजरने मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, आमची जबाबदारी नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार म्हणतात हे सायबरचं, जिल्ह्याला जा. रजा टाकून जिल्ह्याला गेलो तर तिथे म्हणतात रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच नोंद होईल, आणि स्क्रीनशॉटच्या प्रिंटा तीन सेटमध्ये आणा, बँकेचं स्टेटमेंट सही-शिक्क्याचं आणा. परत बँक, परत तोच मॅनेजर, सही-शिक्क्याला चार दिवस. परत ठाणं. तिथे हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ड्रोन कुठंय? बिल कुठंय? परमिशन कुठंय? तुम्ही शिकलेले ना ओ, मग असला माल घेतलाच कसा, आधी तुमच्यावरच कारवाई करावी लागंल. फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२० आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) ३१८, ते कुणाला लागायचं ते राहिलं बाजूला आणि मी आरोपीसारखा बाकड्यावर बसलो दोन तास, समोरून ओळखीची माणसं जात-येत होती. दिल्लीला डीजीसीएला ईमेल केले, तीन. एकाचंही उत्तर नाही. ज्यांच्या नावाने लोक लुटले जातायत त्यांना दोन ओळी लिहायला काय होतं? लॅमिनेट केलेलं बनावट लायसन्स मी पुरावा म्हणून दिलं तर ते घ्यायलाही कुणी तयार नाही, याचा पंचनामा कोण करणार म्हणे.

एवढं करून तो माणूस अजून जाहिरात करतोय. नंबर बदललाय फक्त, आवाज तोच. मी दुसऱ्या फोनवरून लावून बघितला. "दादा, नॅनोला काही लागत नाही." मी विचारलं मोठ्या बॅटरीसकट वजन किती, तर कट केला.

ग्रुपवरच्या त्या तिघांना मी फोन करून सांगितलंय. एक जण म्हणाला, काका, पण तुम्हाला ड्रोन तर मिळाला ना. मिळाला. कपाटावर आहे, छोटी बॅटरी लावून नॅनोत बसतो, पण बिल नसलेली वस्तू हातात घेऊन शेतात उभं राहायचं धाडस आता होत नाही. विकतही नाही, दुसऱ्याच्या गळ्यात कशाला. आणि जुन्नरचं कुणी वाचत असेल तर शिवनेरीवर उडवायचं मनातही आणू नका, पुरातत्व खात्याचा किल्ला आहे. बाकी ठिकाणीही डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल झोन बघूनच, आणि हिरव्यातही ४०० फुटांच्या वर नाही.

येत्या शुक्रवारी मला ठाण्यात तिसऱ्यांदा बोलावलंय. येताना ड्रोनचं ओरिजिनल बिल घेऊन या म्हणालेत.