१९३४ च्या कॉमेट विमानाची लाकडी प्रतिकृती : नंदीबैल घडवणाऱ्या मिस्त्रींच्या कामाचे परीक्षण

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदीबैल घडवणाऱ्या आमच्या तालुक्यातील एका मिस्त्रींकडून आम्ही गावच्या वाचनालयासाठी डी हॅविलँड डीएच ८८ कॉमेट या शर्यतीच्या विमानाची प्रतिकृती मागणी देऊन करवून घेतली. वर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात असे काम होऊ शकते याची फारशी कोणाला कल्पना नाही. शिवाय वाचनालये आणि शाळा यांना असे काही करून घ्यावेसे वाटले, तर कुठे आग्रह धरावा आणि कुठे सोडून द्यावे हे कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रतिकृती १:२४ प्रमाणात आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १३.४१ मीटर आणि लांबी ८.८४ मीटर असल्यामुळे प्रतिकृतीचे पंख ५६ सेंटीमीटर आणि लांबी ३७ सेंटीमीटर भरते. लाकूड आणि मजुरी मिळून साडेसहा हजार रुपये झाले; रंग, अक्षरे आणि काचेची पेटी यांचा खर्च निराळा.

हेच विमान का, असे वाचनालयाच्या बैठकीत विचारले गेले होते. याचे उत्तर लाकडात आहे. मेलबर्न शहराच्या शताब्दीनिमित्त सर मॅकफर्सन रॉबर्टसन या मिठाई कारखानदाराने इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया अशी विमानांची शर्यत जाहीर केली आणि वेगाच्या विभागासाठी दहा हजार पौंडांचे पहिले बक्षीस ठेवले. त्या काळी वेगवान म्हणावीत अशी विमाने अमेरिकेत तयार होत होती आणि ती धातूची होती. ब्रिटनकडे लांब पल्ल्यासाठी त्यांच्या तोडीचे काही नव्हते. तेव्हा डी हॅविलँड कंपनीने जाहीर केले की, फेब्रुवारी १९३४ अखेर मागणी नोंदवणाऱ्यास प्रत्येकी पाच हजार पौंडांत शर्यतीचे विमान बांधून मिळेल. ही किंमत कंपनीला परवडणारी नव्हती, तरी तिने ती स्वीकारली. तीन मागण्या आल्या. ए. ई. हॅग यांनी आराखडा केला, ८ सप्टेंबरला हॅटफिल्ड येथे पहिले उड्डाण झाले आणि २० ऑक्टोबरच्या पहाटे ही तिन्ही विमाने इंग्लंडमधील मिल्डेनहॉलच्या विमानतळावर उभी होती. इतक्या थोड्या अवधीत संपूर्ण नव्या धाटणीचे विमान उभे राहिले, यात लाकूडकामाच्या कारागिरांचा वाटा फार मोठा होता आणि आपल्या भागातील मुलांना नेमके तेच दाखवावे असे आम्हाला वाटले.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. या प्रतिकृतीचे खरे मोल तिच्या पंखात आहे. इंटरनेटवरील आराखडा झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणला, तेव्हा मिस्त्रींनी पंखाचा छेद बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “सर, इतका पातळ पंख केला तं मोडन ना जी. बैलाचा पाय असता तं गोष्ट वेगळी होती.” त्यांची शंका रास्त होती, कारण हॅग यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. वेगासाठी पंख पातळ हवा, बाहेरून आधाराच्या काड्या किंवा तारा लावायच्या नाहीत, आणि तरी इंधनाने जड झालेले विमान त्याने पेलायचे. मूळ विमानात पंखाच्या आत तीन पोकळ लाकडी तुळया होत्या. त्यांच्यावर दोन इंच रुंदीच्या स्प्रूस या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचे दोन थर तिरपे बसवले होते, खालचा एका दिशेने आणि वरचा त्याला आडवा. ही लाकडी कातडीच भार वाहत असे. पंखाचा बाक दोन्ही अंगांनी वळत जातो, तिथे प्लायवुडचा सलग तक्ता बसत नाही. अरुंद पट्ट्या मात्र त्या वळणावर नेमक्या बसतात.

हे समजावून सांगितल्यावर मिस्त्रींनी भरीव पंख कोरण्याचा विचार सोडला. प्लायवुडच्या बारीक फासळ्या कापून त्यांच्यावर सागवानी व्हीनियरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, पट्ट्या तिरप्या चिकटवल्या, त्या वाळल्यावर उलट दिशेने दुसरा थर दिला आणि काचकागदाने घासून तो कडेला इतका निमुळता केला की, टोकाशी पंखाची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर राहते. पहिला थर लागला तेव्हा पंख हाताने पिळता येत होता. दुसरा थर वाळल्यावर तो तसूभरही पिळला जाईना. मूळच्या रुंदीच्या हिशेबाने या पट्ट्या दोन मिलिमीटरच्या व्हायला हव्या होत्या, पण मिस्त्रींनी त्या सहा मिलिमीटरच्या घेतल्या. मला हा बदल मान्य आहे, कारण दोन मिलिमीटरची सागवानी पट्टी कापतानाच फाटते आणि दुरून तिचा तिरपेपणा दिसतही नाही. उजव्या पंखाच्या खालच्या बाजूचा एक हिस्सा आम्ही मुद्दाम रंगवला नाही. त्यावर नुसता पारदर्शक लॅकर आहे आणि पट्ट्यांची विणकाम केल्यासारखी रचना तिथे स्पष्ट दिसते. प्रतिकृती करून घेणाऱ्याने हा आग्रह अवश्य धरावा.

धड शिवणीच्या लाकडाचे, दोन फाकी जोडून केलेले आहे. शिवण वजनाला हलकी, रंध्याखाली सरळ जाणारी आणि पावसाळ्यात फारशी न वाकणारी असल्याने निवड योग्यच ठरली. कॉमेटचे नाक लांबलचक दिसते त्याचे कारण तिथे इंधनाच्या टाक्या होत्या. विमानात एकूण २५८ गॅलन इंधन मावत असे. वैमानिक पार मागे, एकामागे एक बसत आणि जमिनीवर असताना त्यांना समोरचे फारसे दिसत नसे. मिस्त्रींनी नाकाची लांबी नीट पकडली आहे, पण वैमानिकांच्या काचेचा घुमट आराखड्यापेक्षा उंच झाला आहे. तो पारदर्शक प्लॅस्टिक तापवून केलेला असून त्याची चौकटही जाड आहे. मूळ घुमट धडातून किंचितच वर येत असे, कारण वाऱ्याला अडेल असे काही बाहेर ठेवायचे नव्हते. या प्रतिकृतीतील ही मला सर्वांत खटकणारी चूक आहे.

इंजिनांची घरे मात्र देखणी उतरली आहेत. जिप्सी सिक्स आर या इंजिनाचे सहा सिलिंडर एका ओळीत, उलटे टांगलेले असत. त्यामुळे इंजिनाचा दर्शनी भाग अरुंद राहिला आणि घरेही सडपातळ झाली. अशा दोन इंजिनांवर विमान ताशी सुमारे ३८० किलोमीटरपर्यंत जात असे. इंजिनांपुढच्या पंख्यांची (प्रोपेलरची) पाती मिस्त्रींनी शिसमाची कोरली आहेत आणि त्यांना दिलेला पीळ डोळ्यांत भरतो. मूळ विमानाच्या फ्रेंच रातिए पंख्यांची युक्ती प्रतिकृतीत दाखवता येणार नव्हती, पण ती माहितीच्या फलकावर लिहिली आहे. जड विमान उचलण्यासाठी पात्यांचा कोन एक लागतो आणि दूरच्या प्रवासात वेग राखण्यासाठी दुसरा. उड्डाणापूर्वी सायकलच्या पंपाने हवा भरून पाती पहिल्या कोनात आणली जात. विमानाने ताशी सुमारे २४० किलोमीटर वेग पकडला की, पंख्याच्या टोकाशी असलेल्या चकतीवर वाऱ्याचा दाब पडून ती हवा सुटे आणि पाती दुसऱ्या कोनात जात. पुन्हा खाली उतरून हवा भरेपर्यंत कोन परत फिरवण्याची सोय नव्हती. वाचनालयात येणारी मुले या फलकापाशी सर्वांत जास्त वेळ थांबतात, कारण सायकलचा पंप त्यांच्या घरी आहे.

चाकांबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती नंदीबैलाच्या चाकांसारखीच झाली आहेत, म्हणजे मजबूत आणि जरा जाड. मूळ विमानात चाके इंजिनांच्या घरांत वर घेतली जात आणि ते काम वैमानिकाला हाताने मोठे चक्र फिरवून करावे लागे. प्रतिकृतीत ती कायमची खाली आहेत.

रंगाच्या बाबतीत आधी बजावून ठेवणे आवश्यक आहे. आम्ही निवडलेले ग्रोव्हनर हाउस हे विमान भडक लाल होते, शेपटीवर शर्यतीचा ३४ हा क्रमांक आणि अंगावर पांढरी नोंदणी-अक्षरे होती. मिस्त्रींकडे नंदीच्या झुलीसाठी ठेवलेला लाल रंग होता, तो किरमिजीकडे झुकतो. तोच लावला गेला आणि उन्हात तो अधिकच गडद वाटतो. पुढे कोणी मागणी दिली तर डबा स्वतः आणून द्यावा. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने घातलेली अक्षरे मात्र सुबक आहेत.

प्रतिकृतीशेजारच्या मोठ्या फलकावर शर्यतीची हकिगत आहे आणि तिच्यामुळेच हे विमान विदर्भातल्या वाचनालयात शोभते असे माझे मत आहे. सुमारे १८,२०० किलोमीटरच्या मार्गात बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि चार्लव्हिल येथे थांबणे सक्तीचे होते. जिम आणि एमी मॉलिसन हे विख्यात दांपत्य ब्लॅक मॅजिक या काळ्या-सोनेरी कॉमेटमधून सर्वांच्या पुढे बगदादला आणि नंतर कराचीला पोहोचले. तेथून अलाहाबादकडे येताना ते वाट चुकले आणि जबलपूरला उतरले. जबलपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, म्हणजे ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि ज्यात आमचा वर्धा जिल्हा होता, त्याच प्रांतात. विमानाला लागणारे उच्च प्रतीचे इंधन तिथे नव्हते. एका बस कंपनीकडचे पेट्रोल भरून त्यांनी उड्डाण केले. ते पेट्रोल शर्यतीच्या इंजिनाला सोसले नाही, एक पिस्टन जाम झाला, तेलाची नळी फुटली आणि एकाच इंजिनावर अलाहाबाद गाठून मॉलिसन दांपत्याला शर्यत सोडावी लागली. आघाडीवरचे विमान आपल्या प्रांतातल्या एका मुक्कामावर, इंधनाच्या प्रतीपायी हरले, हे वाचून वयस्कर वाचकही चकित होतात.

जिंकले ते आमच्या पेटीतले लाल विमान. सी. डब्ल्यू. ए. स्कॉट आणि टॉम कॅम्पबेल ब्लॅक यांनी बगदादहून न थांबता अलाहाबाद गाठले. डार्विनच्या अलीकडे समुद्रावर असताना एका इंजिनाचा तेलाचा दाब उतरला, तरी दुसऱ्याच्या बळावर त्यांनी किनारा गाठला आणि सुमारे ७१ तासांत मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवरील अंतिम रेषा ओलांडली. दुसरा क्रमांक मात्र केएलएम या डच कंपनीच्या युव्हर या धातूच्या डीसी-२ प्रवासी विमानाचा आला, तेही प्रवासी घेऊन. वादळी रात्री भरकटलेल्या या विमानाला ऑल्बरी गावातल्या लोकांनी गावचे दिवे उघडझाप करून आणि रेसकोर्सवर मोटारींचे दिवे लावून उतरवून घेतले होते. लाकडाचा विजय झाला तरी प्रवासी वाहतुकीचे भविष्य धातूकडे जाणार होते, हे त्या दुसऱ्या क्रमांकात दिसते. फलकावर हेही लिहावे असा माझा आग्रह होता आणि ते लिहिले गेले. त्याच १९३४ च्या डिसेंबरात आमच्या वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, हा योगायोगही खालच्या ओळीत नोंदवला आहे.

तीसच्या दशकात कॉमेट विमाने एकूण पाचच बांधली गेली. ग्रोव्हनर हाउस पुढे हवाई खात्याच्या चाचण्यांत अपघातग्रस्त झाले, भंगारात विकले गेले, मग दुरुस्त होऊन १९३७ मध्ये आर्थर क्लाउस्टन आणि बेटी कर्बी-ग्रीन यांनी ते केपटाउनला नेऊन परत आणले. आज ते इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात आहे आणि २०१४ मध्ये ते पुन्हा उडाले. लाकडी बांधणीचा हा अनुभव डी हॅविलँडला महायुद्धातील मॉस्किटो विमानासाठी उपयोगी पडला.

एकूण कामाबद्दल माझे मत अनुकूल आहे. पंख आणि धड यांसाठी मी मिस्त्रींना पूर्ण गुण देईन, घुमट आणि रंग यांसाठी देणार नाही. शहरात मिळणारी प्लॅस्टिकची तयार प्रतिकृती बारकाव्यांत याहून अचूक असते यात शंका नाही, परंतु त्या विमानाची लाकडी बांधणी समजून घ्यायची असेल, तर प्लॅस्टिकच्या पंखातून ती कळत नाही. मागणी द्यायची तर दिवाळीनंतर द्यावी. श्रावण-भाद्रपदात मिस्त्रींकडे नंदीबैलांचेच काम इतके असते की दुसरे काही हाती घेतले जात नाही, शिवाय दमट हवेत व्हीनियर नीट धरत नाही. आराखडा तिन्ही बाजूंनी काढलेला आणि हव्या त्या मापात छापलेला न्यावा, घुमटाची उंची त्यावर लाल पेनाने लिहावी आणि पहिला थर लागल्यावर एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे, कारण दुसरा थर बसल्यावर पंखाचा बाक दुरुस्त करता येत नाही.