रिपोर्टवर बॅक्टेरियाचं जुनं नाव घालायचं की नवं?

फोंड्यातल्या लॅबमध्ये कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) चालू करणाऱ्या एका मित्राचा परवा फोन, जंतू ओळखणारं मशीन नवं नाव दाखवतंय आणि डॉक्टरांना जुनंच ठाऊक, मग रिपोर्टवर घालू काय? तीन वाटा आहेत.

जुनंच नाव ठेवणं सोपं, कोणाचा फोन येत नाही. नियमानेही चूक नाही, कारण रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव नवं आलं म्हणून बाद होत नसतं. पण मशीनचा डेटाबेस अपडेट झाला की ते नव्या नावाने बोलायला लागतं आणि टेक्निशियन प्रत्येक वेळी हाताने जुनं टाइप करत बसतो, त्यात चुका होतातच.

फक्त नवं नाव दिसायला भारी, पण मी त्यात एकदा पोळलोय. एंटरोबॅक्टर एरोजिनिसचं 2017 मध्ये क्लेब्सिएला एरोजिनिस झालं, आम्ही तसंच छापलं आणि संध्याकाळी डॉक्टर फोनवर म्हणतात, "क्लेब्सिएलाच ना, सेफ्ट्रियाक्सोन सेन्सिटिव्ह आहे, तेच चालू ठेवतो." आता नाव बदललं म्हणून जंतू थोडाच बदलला, त्याच्यात सेफ्ट्रियाक्सोनसारखी अँटिबायोटिक्स तोडणाऱ्या अँपसी एन्झाइमचा जीन आहेच, आज सेन्सिटिव्ह दिसलं तरी उपचार चालू असतानाच रेझिस्टन्स येऊ शकतो. एंटरोबॅक्टर वाचलं असतं तर डॉक्टर आपणहून थबकले असते, त्याची ही खोड त्यांना ठाऊक असते.

म्हणून माझं मत दोन्ही नावांना. नवं नाव, पुढे "पूर्वीचं नाव अमुक", निदान दोनेक वर्षं तरी. रिपोर्टची ओळ लांबते, सॉफ्टवेअरवाला कुरकुरतो, कुरकुरू दे. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलीला (पूर्वीचं क्लॉस्ट्रिडियम डिफिसिली) मात्र एवढा खटाटोप नको, 2016 मध्ये नाव बदलताना सी. डिफ हे लाडकं नाव शाबूत राहील याची काळजी घेतली होती, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

एका ठिकाणी मी हट्टाने जुनंच ठेवतो. 2020 मध्ये ऑक्रोबॅक्ट्रमला ब्रुसेलात, म्हणजे कच्च्या दुधातून पसरणाऱ्या ब्रुसेलोसिसच्या जंतूंच्या गटात घातलं, जीनोमच्या हिशेबाने असेलही बरोबर, पण कॅथेटरवाल्या पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये ऑक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपी आला आणि रिपोर्टवर ब्रुसेला छापलं तर वॉर्डात पेशंटला कच्चं दूध प्यायलास का विचारतील, ब्रुसेलोसिसची औषधं डॉक्सी-रिफाम्पिसिन चालू करतील आणि इकडे लॅबमध्ये कल्चरची प्लेट उघडी हाताळली, आता आपल्यालाही लागण होणार म्हणून सगळ्यांचं धाबं दणाणेल. मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस 2018 मध्ये मायकोबॅक्टेरॉइडिस झाला, तिथेही मी जुन्यावरच आहे.

आणि हो, नाव बदलशील तर 1 जानेवारीपासून बदल, सॉफ्टवेअरमधला ऑर्गनिझम कोड तोच ठेवून फक्त छापायचं नाव बदल. आम्ही ऑगस्टमध्ये नवा कोड काढला आणि वर्षाच्या अँटिबायोग्राममध्ये (कुठल्या जंतूवर कुठलं अँटिबायोटिक किती टक्के चालतं त्याचा तक्ता) एकाच जंतूच्या दोन ओळी आल्या, दोन्हीकडे तीसपेक्षा कमी आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यातून वेगळे काढलेले जंतू), म्हणजे टक्केवारी काढायलाही पुरेनात.