आठ महिने ईसीएम ऐकल्यावर...

गेल्या पावसाळ्यात झाकीरभाईंचा 'मेकिंग म्युझिक' लावला आणि तिथून ईसीएम या लेबलच्या (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या) नादी लागलो. १९८७चा अल्बम, बासरीवर हरिजी, गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, सॅक्सोफोनवर नॉर्वेचा यान गार्बारेक. ऐकायला भारीच, पण तबला जरा लांबून येतो असं तेव्हाच वाटलं होतं.

मग बाकीचे ऐकत गेलो तर जिकडेतिकडे हा गार्बारेक! १९७४मध्ये पियानोवाल्या कीथ जॅरेटबरोबर, मग 'माजिको'त बासवाला चार्ली हेडन आणि ब्राझीलचा गिटारवाला जिस्मोंती यांच्याबरोबर, आणि १९९४च्या 'ऑफिशियम'मध्ये तर चक्क चर्चमधलं जुनं गाणं गाणाऱ्या चौघांच्या मध्ये. ही शेवटची जोडी लेबलच्या मालकाने जमवली, मानफ्रेड आयशर (आडनाव वाचून मला आधी ट्रकच आठवला). हा माणूस आधी डबल बास वाजवायचा, १९६९ला म्युनिकमध्ये लेबल काढलं आणि रेकॉर्डिंगला स्वतः बसतो, दोन दिवस वाजवा, तिसऱ्या दिवशी मिक्स, संपलं. म्हणजे बँडमधला एक जास्तीचा माणूसच म्हणा ना, फक्त त्याच्या हातात वाद्य नाही.

आता तक्रारी. लोकलमध्ये हे ऐकायच्या फंदात पडू नका, अर्धं संगीत ठाण्याच्या आधीच गायब होतं. एक सीडी आणली, सुरुवातीला पाचेक सेकंद आवाजच नाही, मला वाटलं प्लेअर गेला, बटणं दाबत बसलो, नंतर कळलं ती शांतता मुद्दाम ठेवलेली असते. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात खरंच कंटाळा आला, कोणीही वाजवू दे, सगळ्यांवर तोच गारवा, तीच मोठ्या रिकाम्या हॉलची घुमघुम. त्यात ऑस्लोचा रेनबो स्टुडिओ आणि तिथला इंजिनिअर यान एरिक कोंग्सहाउग यांचा मोठा हात, कारण कितीतरी रेकॉर्ड तिथलेच. तेव्हा उतारा म्हणून साठच्या दशकातलं ब्लू नोट (अमेरिकेतलं जॅझचं लेबल) लावायचो, तिथे ड्रम्स अगदी मांडीवर येऊन बसतात. पण साचा तिथेही आहेच, माणसं तीच तीच, इंजिनिअर बहुतेक वेळा रूडी व्हॅन गेल्डरच, फक्त मालक आल्फ्रेड लायन रिहर्सलचेही पैसे द्यायचा त्यामुळे सगळे तयारीत उतरलेले जाणवतात.

सध्या रात्री अकरानंतर, सोसायटीचा पंप बंद झाला की 'संगम' लावतो. सॅक्सोफोनवर चार्ल्स लॉइड, ड्रम्सवर एरिक हार्लंड आणि पुन्हा झाकीरभाई, २००६चा, पण मैफिलीतलं रेकॉर्डिंग. यात डग्गा पार जवळ येतो, बोटं घासलेली ऐकू येतात, आणि लेबल तेच.