सीएनजी गाडीत गॅस नेमका किती उरलाय? बरेच महिने चालवल्यानंतरचा अनुभव

कंपनी फिटेड सीएनजी हॅचबॅक घेऊन बरेच महिने झाले. रोज ठाणे ते अंधेरी, अधूनमधून पुणे. पिकअप, डिकीतली जागा यावर इतरांनी भरपूर लिहिलंय, ते सोडतो. गाडी जेवढं इंधन शिल्लक दाखवते, त्यावर किती विसंबायचं, एवढंच सांगतो.

माझ्या गाडीत गॅससाठी चार हिरवे दिवे आहेत. ते प्रेशर दाखवतात, किलो नाही. सगळा घोळ इथे आहे. पंपावर २०० बारपर्यंत गॅस भरतात. झपाट्याने भरताना सिलिंडरमधला गॅस दाबला जाऊन तापतो आणि तापलेल्या गॅसचं प्रेशर जास्त दिसतं. त्यामुळे भरणं लवकर थांबतं, चारही दिवे लागतात. रात्रीत गॅस निवला की सकाळी गाडी एक पाऊल हललेली नसताना एक दिवा विझलेला. सोसायटीतल्या एका काकांनी लगेच गळतीची शंका काढली. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो आला तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवायचं. माझ्याकडे वास कधीच नव्हता, तपासणीतही सगळं ठीक निघालं.

म्हणून मी पावतीवरचे किलो बघतो. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण ८ ते ९ किलो बसतात. संध्याकाळी रिक्षांची रांग पार रस्त्यावर आलेली असते तेव्हा पंपावरचं प्रेशरच उतरलेलं असतं.

"दादा, प्रेशर किती आहे?"

"दीडशेच्या वर चढत नाहीये साहेब. भरू का?"

अशा वेळी सहा-साडेसहा किलोवर काम थांबतं. शक्य असेल तर पहाटे भरा, फरक पावतीवरच दिसतो.

भरल्यावर ट्रिप मीटर शून्य करायचा आणि पावतीचे किलो गुणिले आपला अ‍ॅव्हरेज एवढा हिशेब मनात ठेवायचा. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामात अडकलात आणि एसी चालू असेल तर मी किलोला २० धरतो, एक्स्प्रेसवेला २६. हा हिशेब दिव्यांपेक्षा कितीतरी खरा ठरलाय. शेवटचा दिवा उरला की मी पुढचे किलोमीटर मोजत बसत नाही, सरळ पंप गाठतो.

आता पेट्रोल. गॅस संपला की गाडी आपोआप पेट्रोलवर जाते, धक्का जाणवतही नाही. ही सोय मला मनापासून आवडते. पण तेव्हा टाकीत पेट्रोल हवं ना! टाकीत तरंगणारा फ्लोट काटा हलवतो आणि टाकी काही चौकोनी डबा नसते, त्यामुळे काटा सगळीकडे सारख्या वेगाने उतरत नाही. आमच्या पोडियम पार्किंगच्या चढावर गाडी उभी केली की काटा वेगळा, सपाटीवर वेगळा. मी सपाटीवरचाच खरा मानतो.

'इतके किलोमीटर जाईल' हा आकडा तर मागच्या चालवण्याच्या सरासरीवर निघतो. पुण्याहून परतताना पेट्रोलवर असलो तर तो ऐटीत मोठा दिसतो, आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये पोचलो की भराभर गळतो. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, त्यावर पंप नाही. त्यामुळे चढण्याआधी आकडा नाही, काटा बघायचा. पेट्रोल पाव टाकीच्या खाली मी जाऊ देत नाही. टाकीतला फ्युएल पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, कायम रिझर्व्हवर चालवलं तर तो लवकर जातो आणि तो बदलण्याचा खर्च चांगलाच असतो.

एकूण गाडीवर मी खूश आहे, या चार दिव्यांवर नाही. सिलिंडरला प्रेशर मोजणारा सेन्सर असतोच, मग बारचा आकडा समोर दाखवायला काय हरकत आहे? सीएनजी घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला गॅस मीटर कसा आहे ते आधी बघा. आकडा दाखवणारं मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या.