तक्रार कुठे ऐकावी: प्ले स्टोअर, व्हॉट्सॲप ग्रुप की ॲपमधलेच बटण?

बचत गटांचा मासिक हिशेब ठेवण्याचे एक लहान मराठी ॲप मी गेली चार वर्षे एकट्याने सांभाळत आहे. या काळात वापरकर्त्यांचे म्हणणे ऐकण्याचे तीन मार्ग मी वापरून पाहिले: प्ले स्टोअरवरील अभिप्राय, व्हॉट्सॲप ग्रुप आणि ॲपमध्येच दिलेले ‘अडचण कळवा’ हे बटण. ज्यांचे ॲप काही शे लोकांपर्यंत पोहोचले आहे आणि मोजका वेळ यांपैकी कशावर खर्च करावा हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा.

प्ले स्टोअर टाळता येत नाही आणि टाळूही नये. नवा माणूस ॲप घेण्यापूर्वी तिथली उत्तरे वाचतो, आणि ॲप उघडतच नसेल तर तक्रार करायला ती एकच जागा उरते. मात्र तिथे संवाद होत नाही. एका अभिप्रायाला एकच उत्तर देता येते, पुढे काही सांगायचे झाल्यास तेच बदलून लिहावे लागते, आणि त्याची मर्यादा ३५० अक्षरांची आहे. मराठीत ही जागा आणखी आखडते, कारण संगणक काना, मात्रा आणि हलन्तही वेगवेगळे मोजतो. ‘व्याज’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसत असला तरी मोजणीत तो पाचांचा होतो. ‘ॲप चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवर नेमके काय घडले हे विचारून घ्यायला ती जागा मला तरी पुरलेली नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचे मोल मी कमी लेखणार नाही. गटाच्या सचिव ताई मासिक बैठक उठता उठता तिथूनच व्हॉइस मेसेज पाठवतात, मागे हप्ते मोजण्याचा आवाज ऐकू येत असतो, आणि अर्ज भरायला सांगितले असते तर जे कधीच कळले नसते ते सहज कळते. ‘थकबाकी’ या शब्दाने बँकेची नोटीस आल्यासारखे वाटते, त्याऐवजी ‘राहिलेला हप्ता’ लिहा, ही सूचना मला अशाच एका मेसेजमधून मिळाली आणि तो बदल मी त्याच आठवड्यात केला. पण ग्रुपमध्ये प्रत्येकीचा मोबाईल नंबर सर्वांना दिसतो. एकदा तर सदस्यांची नावे आणि त्यांच्याकडील कर्जाच्या रकमा असलेला स्क्रीनशॉट अनोळखी गटांतील महिलांसमोर आला. तो लगेच काढून टाकला, तरी कुणाच्या घरची गोष्ट अशी चारचौघांत येणे मला फार लागले.

तरीही माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे, आणि तो त्रास म्हणजे उलट प्रश्न विचारत बसणे. वाई तालुक्यातील एका ताईंनी कळवले की बचत भरूनही एकूण रक्कम शून्य दिसते. ॲपची आवृत्ती कोणती, फोन कोणता, नोंद पुन्हा करून पाहिली का, असे मी विचारत गेलो. त्या शेतातून परतल्यावर रात्री उत्तर देत, आणि मधल्या वेळेत ग्रुपमधील शुभेच्छांखाली तो धागा दबून जाई. त्यांनी स्क्रीनशॉटही पाठवला, पण त्यात एकुलता एक आकडा शून्यच होता, आणि देवनागरी शून्य व इंग्रजी शून्य यांत नजरेला फारसा फरक जाणवत नाही. सहा दिवसांनी गावी जाऊन फोन हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या फोनची भाषा मराठी होती, त्यामुळे माझ्या कोडमधून रक्कम देवनागरी अंकांत साठवली जात होती, आणि बेरीज करणारा डेटाबेस त्या अंकांना संख्या न मानता शून्य धरत होता. माझा स्वतःचा फोन इंग्रजीत असल्याने हा दोष मला कधीच दिसला नव्हता. फोनची भाषा विचारायला हवी हे मला सुचले नाही, आणि ती सांगायला हवी हे त्यांना कळण्याचे काही कारणच नव्हते.

त्यानंतर मी बटण बांधले. ते दाबले की ॲपची आवृत्ती, फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि फोनची भाषा आपोआप भरली जाते. सदस्यांची नावे व रकमा त्यात नसतात, आणि काय पाठवले जात आहे ते आधी मराठीत दाखवले जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विचार करता एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी, असे मला वाटते. या मार्गाला कष्ट आहेत हे मान्य करायला हवे. पहिल्या रूपात उत्तर परत पोहोचवण्याची सोय नव्हती, तेव्हा ‘पाठवले, पण कोणी वाचले की नाही कोण जाणे’ असे मला प्रत्यक्ष ऐकावे लागले. उत्तर ॲपमध्येच दिसू लागल्यावर ही तक्रार थांबली.

आपले वापरकर्ते चाळीस-पन्नास असतील आणि बहुतेक ओळखीचे असतील, तर ग्रुप कदाचित पुरेसा ठरेल. त्यापुढे मात्र, माझ्या मते, आधी बटण बांधावे. मी ग्रुप बंद केलेला नाही, पण तिथे आता शब्द आणि नव्या सोयींविषयीच बोलणे होते. हिशेब चुकल्याचा मेसेज आला तर मी एवढेच लिहितो: ‘ताई, मेनूमधील अडचण कळवा दाबा, फोनची माहिती आपोआप माझ्याकडे येईल.’