विद्यालक्ष्मीच्या नावाखाली गेलेले २,२४,३००

कोरेगाव तालुक्यात माझं महा-ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, दिवसभर हेच काम. ओटीपी कुणाला सांगू नका, हे दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकाला बजावणारा मी माणूस. म्हणून हे लिहायला लाज वाटते. तरी लिहितोय, कारण ज्याने मला बुडवलं त्याने ओटीपी मागितलाच नव्हता.

धाकटी बहीण मेकॅनिकलची बीई. जून २०२५ मध्ये तिला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला. फी नावापुरती, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, आधी भरून दाखवावे लागत होते. तेव्हाच्या दराने बारा लाखांच्या आसपास. बँकेत गेलो. साहेब नीट बोलले, पण साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं म्हणाले. आमची दीड एकर जमीन आहे, तर शेतजमीन या कर्जाला चालत नाही. घर गावठाणात. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आहे, सिटी सर्व्हे झालेला नाही, म्हणून तेही चालेना. ऑक्टोबरचं सत्र डोक्यावर आलेलं. बहीण काही बोलत नव्हती, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

अशात विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘शासकीय शैक्षणिक कर्ज, तारणाशिवाय’ अशी जाहिरात दिसली. फोन केला. पलीकडचा माणूस पहिल्याच वाक्यात ‘बोला माउली’ म्हणाला. आम्ही पुण्याला शिवाजीनगरच्या त्याच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊनही आलो. टेबलावर फायलींची चळत, भिंतीवर योजनांची पत्रकं, पाणी आणून देणारा पोऱ्या.

आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, तो खोटं फार थोडं बोलला. त्याने सांगितलेली पीएम विद्यालक्ष्मी नावाची योजना खरी आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. तीत तारण नाही, जामीनदार नाही, हेही खरं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत, हेही खरं. फक्त ही योजना भारतातल्या निवडक संस्थांपुरती आहे, एवढंच त्याने गाळलं. माझाही गोंधळ होताच. २०१५ मध्ये विद्यालक्ष्मी नावाचं जुनं पोर्टल सुरू झालं होतं. त्यावरून बँकांकडे परदेशातल्या शिक्षणासाठीही अर्ज जात. नाव तेच, त्यामुळे मी दोन्ही एकच धरलं. वर त्याने ‘पढो परदेश’ची सबसिडीही लावून देतो म्हटलं. ती योजना अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी होती आणि २०२२-२३ पासून बंदच आहे. आम्ही तिच्यात बसतही नव्हतो. एवढ्यावर तरी मी थांबायला हवं होतं.

पहिल्यांदा गेले ५,९०० रुपये. पाच हजार फाईल नोंदणी आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. पावती आली, जीएसटी नंबरासकट. माणूस पावती देतोय म्हटल्यावर मला बरं वाटलं. (तो नंबर नंतर जीएसटीच्या साइटवर टाकून पाहिला, कुठल्याशा हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला.) मग कर्ज विम्याचा हप्ता म्हणून ३८,४००. आठवड्याने पीडीएफ आलं: वर तीन सिंह, खाली सत्यमेव जयते, क्यूआर कोड, बहिणीचं नाव, बारा लाख मंजूर. आईने ते मोबाइलवर पाहिलं आणि देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर मार्जिन मनी. परदेशी शिक्षणाच्या कर्जात पंधरा टक्के वाटा आपला असतो, हे बँकेतही ऐकलं होतं. बारा लाखांचे पंधरा टक्के १,८०,०००. हिशेब चोख जुळला आणि मी भरले. पैसे जात होते एका व्यक्तीच्या खात्यात. विचारलं तर म्हणाला, ‘ते आमचे नोडल ऑफिसर’. आपला वाटा आपण थेट खर्चात घालायचा असतो, बँकेला त्याचा पुरावा दाखवायचा असतो, तिसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाईत ते डोक्यात आलंच नाही.

पुढची मागणी टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना आधीच गोळा होणाऱ्या कराची होती, साठ हजार. तिथे बहीण अडली. ‘दादा, बँकेच्या कर्जातून फी पाठवली तर एप्रिलपासून टीसीएस नाही. आणि असला तरी तो पैसे परदेशी पाठवताना बँक कापते.’ मी दुसऱ्या दिवशी ते मंजुरीपत्र घेऊन त्याच साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘मंत्रालय कुणाचं कर्ज मंजूर करत नाही हो. कर्ज बँक मंजूर करते, पत्र बँकेचं असतं.’

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण शेवटची रक्कम जाऊन अकरा दिवस झाले होते. समोरच्या खात्यात फक्त २१,००० गोठवता आले, आणि तेही अजून हातात नाहीत. पुण्याला गेलो तर केबिन दिवसाच्या भाड्याने मिळणारी निघाली. सही केलेले दोन कोरे चेक मी त्याला देऊन बसलो होतो, ते थांबवले. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. बहिणीचं पॅन वापरून एका कर्जाच्या अ‍ॅपवर चौकशी झालेली तिच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जांच्या नोंदींत, सापडली, त्याचा वाद अजून चालू आहे.

तिचं ते सत्र गेलं. शेवटी मामाने साताऱ्यातला फ्लॅट तारण दिला आणि कर्ज बँकेकडूनच झालं. शासकीय मदत म्हणावी तर ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना आहे: परदेशासाठी वीस लाखांपर्यंतच्या कर्जावर बारा टक्क्यांपर्यंतचं व्याज परत मिळतं. पण आधी कर्ज बँकेचं, हप्ते वेळेवर आपले, परतावा त्यानंतर. त्यात कुठेही कुणाला आधी काही भरायचं नाही. हा अर्ज मी माझ्याच केंद्रात गावातल्या दोघांचा भरून दिला होता, स्वतःच्या बहिणीच्या वेळी मात्र आठवला नाही.

गेल्या महिन्यात एक फोन आला. ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे वसूल झालेत, सोडवायला ९,९०० भरा.’ माझ्या तक्रारीतली रक्कम त्याला रुपयासकट माहीत होती. तो नंबर मी साताऱ्याच्या सायबर पोलिसांकडे दिला आहे.